बिनआवाजाची गाडी आणि ठोकेमामा

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी चार महिने वापरलेली इलेक्ट्रिक गाडी मुरबाडला ठोकेमामांच्या दुकानासमोर उभी केली. गाडीत बसवायच्या स्पीकरच्या सामानाचे एकतीस हजार पाचशे रुपये ठरले होते, मजुरी वेगळी. हजर आम्ही चौघे होतो: मी, माझी बायको, मामा आणि सुशीलामामी. मामांनी किल्ली मागितली नाही, बॉनेट उघडायला सांगितलं नाही. ते गाडीभोवती फिरले आणि एकेक दरवाजा बोटाच्या पेराने वाजवून, कान लावून ऐकत राहिले. मागच्या डाव्या दरवाज्याशी थांबले, पुन्हा वाजवला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "पोरी, बाकी तीन ठीक हायत. ह्यो कच्चा हाय."

आमच्याकडे फणस घेताना असाच वाजवून बघतात. मामा गाड्या तशा बघत. पत्रा पोकळ वाजला की दरवाजा कच्चा. मग आतून जाड डांबरी पट्ट्या चिकटवून तो भरीव करायचा, त्याला ते 'पिकवणं' म्हणत. कच्च्या दरवाज्यात कितीही महागाचा स्पीकर लावा, गातो तो पत्राच, असं त्यांचं म्हणणं होतं. ह्या सवयीवरून त्यांना ठोकेमामा नाव पडलं. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या प्रवासी जीप, लग्नाच्या गाड्या, भाजीचे पिकअप, ज्यांच्या आत आवाज होता त्यांतल्या निम्म्या तरी त्यांनी पिकवलेल्या असत.

माझी त्यांची ओळख भांडणाने झाली. मी राहायला वाशिंदला, एका कारखान्यात स्टोअरचा हिशेब बघतो. सासुरवाडी मुरबाडजवळ. दिवाळीत सासऱ्यांकडे गेलो होतो, आणि रस्त्यावरून एक जीप गेली तशी फळीवरची भांडी थरथरून दोन पेले खाली आले. दुपारी सासरे झोपलेले. मी तडक त्या जीपच्या मागे दुकानापर्यंत गेलो आणि म्हटलं, "हा आवाज आहे की भूकंप?"

मामांनी मला खालपासून वर बघितलं. "तुमी आमच्या बाबूरावांचे जावई ना? मंग बसा. भांडन बसून करायचं."

त्यांचं नातं माझ्या बायकोच्या आजोळाकडून लागत होतं, त्यामुळे त्या दिवसापासून मी जावईबापू झालो आणि ते मामा. भांडण मात्र सुटलं नाही. मी समोरच्या फळीवरचा अँपचा, म्हणजे स्पीकरचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राचा, खोका उचलला. त्यावर पाच हजार वॉट छापलं होतं. तारेतला फ्यूज तीस अँपिअरचा. मी म्हटलं, "बारा व्होल्ट गुणिले तीस, तीनशे साठ. बाकीचे चार हजार सहाशे चाळीस कुठे गेले?"

मामा हसले. "जावईबापू, तो आकडा आहेरासारखा असतो. पुकारायचा येगळा, पाकिटातला येगळा."

पण नंतर गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यांनी त्याला छापील आकडा सांगितला नाही. तीनशे म्हणाले. गिऱ्हाईक नाराज होऊन कल्याणला गेलं. मामा त्याच्या पाठीकडे बघून म्हणाले, "जा. पाकीट उघडशील तवा येशील." मला तेव्हा ते आवडायला लागले.

ते नम्र अजिबात नव्हते. चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. एकदा सरळगावच्या एका मास्तरांच्या गाडीत डावा आणि उजवा स्पीकर त्यांनी उलटे जोडले. चष्मा लावत नसत, तारांचे रंग दिसले नाहीत. मास्तरांनी सांगितलं तर म्हणाले, "मुद्दाम केलंय. उजवीकडनं एसटी जाते. तो कान मोकळा नको?" मास्तर तसेच घरी गेले, आणि अजून ती गाडी तशीच आहे. मामी आतून म्हणाल्या, "खोटं किती बोलावं मानसानं." मामी दुकानात मागे बसून स्पीकरच्या लाकडी डब्यांना कापड चढवत. डब्याचं माप काढणं, सांधे बंद करणं, तारा डब्यात ओढणं हे त्याच करत. मामा डबा बाहेर आणून वाजवून बघत आणि श्रेय घेत.

मोठ्या आवाजाबद्दल माझं मत त्यांना माहीत होतं, आणि त्यांचं मला. ते म्हणत, "मोटा आवाज आनि घान आवाज ह्यात फरक हाय. घान आवाज लहान असला तरी घानच." गाडी विकायला आलेला माणूस जसा गाडीचा प्रत्येक दोष लपवतो तसे ते आपल्या धंद्यातला एकही दोष लपवत नसत. हॉर्नच्या जागी भोंगा लावून मागणाऱ्या पोराला त्यांनी माझ्यासमोर हाकललं होतं. "तुला गानं नकोय. तुला लोकांनी तुझ्याकडं बघायला पायजे. त्याला शर्ट घे."

इलेक्ट्रिक गाड्या यायला लागल्या तशी त्या रस्त्यावरच्या तीन दुकानांपैकी दोघांनी पाट्या बदलल्या. एकाने सीट कव्हर सुरू केली, दुसऱ्याने मोबाईलच्या काचा. नव्या गाड्यांत कंपनीचाच मोठा पडदा असतो, स्पीकर कंपनीचे, आणि तार कापली तर पडद्यावर तांबडा दिवा. शोरूमवाले गाडी देतानाच सांगतात, बाहेरच्या माणसाला हात लावू देऊ नका, बॅटरीची हमी जाईल. त्यामुळे मामांच्या जुन्या गिऱ्हाइकांनी नवी गाडी घेतली की ते दुकानासमोरून काच न उतरवता जात. एक जण थांबला, तो फक्त सांगायला, "मामा, आता तुमची गरज नाय. कंपनीतनंच वाजत येते."

"वाजते," मामा म्हणाले. "थाळी पन वाजते."

तो गेल्यावर मात्र त्यांनी बराच वेळ दुसरं काही काम हातात घेतलं नाही. मग मला म्हणाले, "सगळे बोलतात इलेक्ट्रिकनं आमचा धंदा खाल्ला. उलटं हाय, जावईबापू. इंजिन म्हंजे गान्याच्या बैठकीत बसलेला खोकला झालेला म्हातारा. बावीस वर्सं मी त्याच्या खोकल्याच्या वर आवाज चढवतोय. आता म्हातारा उठून गेला. आता खरं गानं लागल. पन कोन उघडून देत नाय. एक गाडी पायजे. एकानं दिली की बाकीचे बघायला येतात, बघायला आलेला मानूस लावून जातो."

माझ्याकडे गाडी होती. ती मी दर किलोमीटरचा खर्च काढून घेतली होती, पेट्रोलच्या चौथ्या हिश्श्यात बसते. गाणं हा माझा विषय नव्हता. बायकोने विचारलं, "मामांना द्यायची का?" मी हमीचं पुस्तक तीनदा वाचलं. त्यात बाहेरची वस्तू लावली की हमी जाते असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. बाहेरच्या वस्तूमुळे जे बिघडेल त्याची हमी नाही, एवढंच होतं. ह्या दोन वाक्यांत बॅटरीच्या आठ वर्षांच्या हमीचा फरक आहे. शोरूमवाले पहिलं वाक्य तोंडी सांगत होते, छापलं दुसरं होतं. मला तोंडी आकड्यांचा पहिल्यापासून राग. मी गाडी दिली.

काम दोन दिवस चाललं. मोठ्या बॅटरीच्या भगव्या तारांना हात लावायचा नाही, हे मी बजावलं होतं. मामा म्हणाले, "मला जगायचंय." सगळ्या गाड्यांत असते तशी बारा व्होल्टची छोटी बॅटरी इलेक्ट्रिकमध्येही असते. दिवे, कुलपं, पडदा तिच्यावर चालतात, आणि गाडी चालू असली की मोठी बॅटरी तिला भरत राहते. अँपची तार त्या छोटीवर घेतली, फ्यूज मी सांगितला तेवढाच टाकला. मामींनी सीटच्या मागे बसेल असा डबा केला, गाडीच्या आतल्या कापडाचाच रंग शोधून. संध्याकाळी आम्ही गाडी गावाबाहेर नेली. मामांनी एक तानपुरा लावला, नुसता तानपुरा. मध्येच त्यांनी हात वर केला, आणि शंका आल्यासारखं विचारलं, "गाडी चालू हाय ना?"

"चालू आहे."

त्यांनी डॅशबोर्डवर बोटाचं पेर आपटून बघितलं. मग सीटला पाठ टेकली आणि तानपुरा पुन्हा पहिल्यापासून लावला.

खरी परीक्षा झाली माझ्या गावी. गाव शेणव्यापासून डोळखांबच्या अंगाला, वर चढावर. चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मांडवाच्या दिवशी दुपारी आमच्याकडे धवलारीण बसते आणि लग्नाची गाणी, धवळे, गाते. धवलारीण म्हणजे आमची जनाआत्या. तिच्या गाण्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आमच्या भागातल्या गावांची एक रीत आहे: धवलारीण गायला लागली की जनरेटर, पिठाची गिरणी, गाड्या, जे जे यंत्र घरघरतं ते बंद. त्या दिवशी नेहमीप्रमाणे वीज नव्हती. जनरेटर लावला तर आत्या ऐकू येणार नाही, बंद केला तर माईक चालणार नाही. म्हणून वर्षानुवर्षं तिचं गाणं मांडवात तिच्या गुडघ्याशी बसलेल्या चार बायका ऐकत, आणि बाकीचा मांडव कल्याणहून येणाऱ्या डीजेच्या ट्रकची वाट बघत बसे.

मामा आदल्या दिवशीच आले होते. "चार बायका नाय, आख्खा गाव ऐकल," म्हणत त्यांनी माझ्या गाडीतून तार काढून मांडवाच्या दोन खांबांना स्पीकर बांधले, सहा दिवे लावले, आत्यापुढे माईक ठेवला. आत्या म्हणाली, "माजा गळा काय भाड्याचा हाय रे? खोक्यात घालतोस तो?" मामा म्हणाले, "आत्या, गळा तुमचा. खोका फक्त पोचवनार." डीजेचा ट्रक तोवर येऊन खाली उभा होता. त्यांची चार पोरं मजा बघायला वर आली होती.

आत्याने सुरुवात केली. चुलतभावाने रीतीप्रमाणे हाक दिली, "यंत्रं बंद करा रे." जनरेटर थांबला. खाली ट्रकचं इंजिन थांबलं. आणि मामा, ज्यांनी सगळ्या आयुष्यात ही रीत पाळली होती, ते उठले, अदबीने गाडीकडे गेले आणि बटण दाबून त्यांनी माझी गाडीही बंद केली.

तिला आवाजच नव्हता हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. माझ्याही नाही. मीही तिथेच बसलो होतो, आणि मला ते बरोबरच वाटलं.

अँप चालूच राहिला, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. आत्याचा आवाज मांडवाबाहेर, अंगणाबाहेर, खालच्या वाडीपर्यंत गेला. तिच्या श्वासासकट. विहिरीवरच्या बायका हंडे ठेवून वर आल्या. पण गाडी बंद म्हणजे मोठी बॅटरी छोटीला भरत नव्हती. दोन स्पीकर, मांडवातले सहा दिवे आणि अँप, सगळं त्या छोट्या बॅटरीवर. चौथ्या धवळ्याच्या मध्यावर आवाज गेला. दिवे गेले. गाडीचा पडदा लागेना, दरवाजे उघडेनात. आत्या गातच होती, तिला पत्ता नव्हता.

डीजेचं एक पोरगं म्हणालं, "मामा, चार्जिंग संपली का? केबल आनू का घरनं?"

मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली होती. तरी गाडी मेलेल्या म्हशीसारखी उभी. सगळा मांडव मामांकडे बघत होता. मला वाटलं आता ते एसटीसारखं काहीतरी सांगतील. मामा उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "चूक माजी हाय. गाडीची नाय, मशिनीची नाय. मी बंद केली."

मामी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "लग्नाला एकतीस वर्सं झाली. आज आयकलं."

मामांनी किल्लीतलं छोटं पातं काढून दरवाजा उघडला, खालच्या पिकअपची बॅटरी मागवली, तारा लावल्या. गाडी जागी झाली. पण आता ती चालू ठेवायची तर रीत मोडत होती. ते आत्यापुढे जाऊन बसले.

"आत्या, गाडी चालू ठेवावी लागल."

आत्याने गाणं थांबवलं. "आता चालू हाय ती?"

"हाय."

आत्याने कान दिला. "मंग आवाज कुटं हाय तिचा?"

"तिला आवाज नाय."

"मंग बंद कशाला केलीस रे, खुळ्या?"

मांडव हसला, मामाही. उरलेले धवळे पूर्ण झाले. संध्याकाळी ट्रक लागला, पोरं नाचली, आणि त्यांतली तिघं जाताना माझ्या गाडीतला डबा वाकून बघून गेली.

पुढच्या आठवड्यात माझ्या पडद्यावर तांबडा दिवा लागला. छोटी बॅटरी पूर्ण रिकामी झाल्याने खराब झाली होती. सर्व्हिस सेंटर कल्याणला. तिथल्या साहेबांनी गाडी तपासली, डबा बघितला आणि मला केबिनमध्ये बसवलं. माणूस वाईट नव्हता. चहा दिला. म्हणाला, "मी तुम्हाला मदत करतो. छोटी बॅटरी फुकट बदलून देतो, मोठ्या बॅटरीच्या हमीवर काही शेरा मारत नाही. फक्त ह्यावर सही करा."

कागदावर लिहिलं होतं की मुरबाडच्या अमुक दुकानदाराने माझ्या परवानगीशिवाय सदोष जोडणी केली आणि त्यामुळे बिघाड झाला. खाली दुकानाचं नाव, मामांचं नाव.

"हा कागद कुठे जातो?" मी विचारलं.

"आमच्या सगळ्या शाखांना. गिऱ्हाइकांना सावध करतो आम्ही. तुमच्यासारख्यांच्या भल्यासाठीच."

म्हणजे दोन तालुक्यांत ज्याच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे त्याच्या हातात हा कागद पडणार होता. मग मामांना दुसरी गाडी कोणी उघडून दिली नसती, कधीच. मी म्हटलं, "परवानगी मी दिली. जोडणी सदोष नाही. तुमच्याच मशीनवर बघा, फ्यूज शाबूत आहे, तार गरम झाल्याची खूण नाही. गाडी बंद ठेवून अँप चालवला, ती वापरातली चूक. ती लिहा, मी सही करतो."

"साहेब, तुम्ही हिशेबातले. आठ वर्षांची हमी आहे. मोठी बॅटरी कितीची, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग एका दुकानदारासाठी?"

"हमी तुमची आहे," मी म्हटलं. "सही माझी आहे."

मी त्या कागदावर सही केली नाही. दुसऱ्या कोऱ्या कागदावर जे झालं ते चार ओळींत लिहिलं, धवळ्यांसकट, आणि त्यावर केली. छोट्या बॅटरीचे पैसे काउंटरवर भरले. हमीवर शेरा मारायचा असेल तर कलम दाखवून मारा, असं सांगितलं. कलम कोणी दाखवलं नाही. अजून दाखवलेलं नाही.

हे मी मामांना सांगितलं नव्हतं, बायकोने सांगितलं. त्यांनी फोन केला. "जावईबापू, सही करायची होती. मी म्हातारा झालो, माजं काय."

"तुम्ही मांडवात खरं बोललात. मी केबिनमध्ये खोटं बोलू?"

मामा म्हणाले, "मागचा डावा दरवाजा अजून जरा कच्चा वाटतो. एकदा आना."

लोक बघायला आले, हे मामांचं बरोबर निघालं. त्या पावसाळ्यानंतर चार इलेक्ट्रिक गाड्या झाल्या. मग दुकानमालकाने जागा काढून घेतली. मामा डगमगले नाहीत. शहापूरजवळ हायवेला चार्जिंगची जागा झाली होती, तिच्या मालकाकडे गेले. "लोक तुमच्याकडं पाऊन तास बसून काय करनार? मला कोपरा द्या. तेवढ्या टायमात मी त्यांची गाडी वाजवून देतो, ऐकवतो, उद्याची येळ देतो." मालकाने सावधगिरी म्हणून कल्याणच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारलं, ह्या माणसाबद्दल तुमच्याकडे काही तक्रार आहे का. तिकडून उत्तर आलं, कागदावर काही नाही.

पत्र्याची शेड मिळाली. चार्जिंगला लागलेल्या गाड्यांच्या रांगेतून मामा पाठीमागे हात बांधून फिरत, दरवाजा वाजवत आणि आत बसलेल्या दचकलेल्या माणसाला सांगत, "घाबरू नका. कच्ची हाय." पुण्या-नाशिकचे लोक आधी चिडत, मग काच खाली करत. एका बाईने विचारलं, "काका, ह्या गाडीत आवाज वाढवला तर रेंज किती कमी होईल?" मामांनी मला फोन लावून तिच्या हातात दिला. मी सांगितलं, एसी लावून जेवढी जाते त्याच्या कितीतरी कमी. ती म्हणाली, "मग एसी बंद ठेवते." मामा त्या दिवशी फार खूश होते.

गेल्या माघात मामा गेले. शेडमध्येच, दुपारी, खुर्चीत. आत दोन गाड्या उघडलेल्या, सीट बाहेर, तारा लोंबत. तेराव्यानंतर चार्जिंगच्या मालकाने मला बोलावलं. तो चांगलंच बोलला. म्हणाला, गाडीवाल्यांना दुसरीकडे पाठवू, शेडची अनामत परत करतो, मामींना द्या. मी पाकीट घेऊन मुरबाडला गेलो.

मामींनी पाकीट उघडलंच नाही. "त्या दोन गाड्यांचे डबे मी केलेत," त्या म्हणाल्या. "तारा कुटं जातात ते मला ठावं हाय. उजवा-डावा बी ठावं हाय."

"मामी, एकट्या जमेल?"

"त्यांना एकट्याला कवा जमत होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना गाडीतून शहापूरला घेऊन गेलो. मालक संकोचला. बाईमाणूस, हायवे, असं काहीतरी बोलू लागला. मामी ऐकत होत्या, ऐकता ऐकता शेजारी उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीच्या दरवाज्यावर त्यांचं बोट गेलं आणि त्यांनी तो वाजवला. आतल्या माणसाने काच खाली केली.

अनामतीचं ते पाकीट मामींनी जसंच्या तसं मालकाच्या टेबलावर परत ठेवलं, आणि शेडचं पुढच्या तीन महिन्यांचं भाडं, साडेतेरा हजार, त्याच्या हातात रोख दिलं. पावती सुशीलामामींच्या नावाने झाली.